ऑक्टाव्हिया आरएस : मूळ गिअरबॉक्स टिकवण्याच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४ (मीटर १,३८,२१०)

गाडी २००५ ची, स्कोडाची. संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली, आणि आता तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी. १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो पेट्रोल, कागदावर १५० हॉर्सपॉवर आणि २१० एनएम टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं, करायचं ठरलेलंच आहे. अट एकच: गिअरबॉक्स मूळचाच ठेवायचा. सहा गिअरचा मोठा बॉक्स शोधत भंगारबाजार पालथा घालण्याइतका वेळ नाही, आणि घरात तेवढी सूटही नाही.

हा पाच गिअरचा ०२जे बॉक्स. कारखान्याच्या दुसऱ्या नावपद्धतीत एमक्यू२५०. त्यातला २५० म्हणजे तो किती एनएमच्या वर्गाचा आहे ते. नावातच उत्तर लिहिलंय, तरी गेले दोन महिने जो भेटतो तो मला एकच विचारतो, "किती हॉर्सपॉवरपर्यंत टिकेल?"

आपल्याकडे ऑक्टाव्हिया १.९ डिझेलही यायची. ती ९० हॉर्सपॉवरची, माझी १५० ची. टॉर्क मात्र दोघींचा सारखाच, २१० एनएम. म्हणजे दातांवर जास्तीत जास्त जोर जातो तो दोन्हीकडे तेवढाच. पेट्रोलचे साठ घोडे जास्त आहेत हे बॉक्सच्या गावीही नाही. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा अर्धा हिशोब सोपा होतो. माझ्या डोक्यात ते बसायला मार्च उजाडला, ते पुढे येईलच.

२८ जानेवारी

गिअर ऑइल काढलं. दोन लिटरच्या आसपास निघायला हवं होतं, दीड लिटरही निघालं नाही. आणि वास! जळक्या गंधकाचा. आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमध्ये ट्रकच्या डिफरन्शियलला घालतात ते जाड, जीएल-५ दर्जाचं ऑइल भरून घेतलेलं दिसतंय. त्यातल्या गंधकाच्या संयुगांपासून सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगांना धोका असतो. शिवाय ते ऑइल इतकं निसरडं की रिंगेला शंकूवर जी पकड हवी ती मिळत नाही, म्हणून गिअर टाकताना खरखर.

ट्रे उन्हात धरून तिरका केला. तळाशी सोनेरी चकाकी, हळदीची पूड पाण्यात टाकल्यासारखी. हे पितळ. मॅग्नेट फिरवला तर त्याला राखाडी लोण्यासारखा थर लागला. बोटांत चोळून पाहिला, मऊ. कण टोचला नाही. पोलादाचे तुकडे नाहीत, म्हणजे दात शाबूत असावेत. सिंक्रोची झीज वाढीव ताकदीमुळे होत नाही. ती होते चुकीच्या ऑइलने आणि घाईच्या हाताने. त्यामुळे हा हिशोब रिमॅपच्या खात्यात धरणार नाही.

७५डब्ल्यू-९०, जीएल-४ भरलं. पाचवा गिअर या बॉक्समध्ये मुख्य कवचाबाहेर, टोकाच्या झाकणाखाली असतो. ऑइल कमी पडलं की आधी त्याचे हाल. म्हणून भरताना हात आखडला नाही.

११ फेब्रुवारी

पुण्याला जाऊन रिमॅप. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या रोलरवर, चाकांवरून मोजलं आणि इंजिनाचा अंदाज काढला: १९५ हॉर्सपॉवर, २८० एनएम, आणि तोही ३००० आरपीएमलाच. येताना नगर रोडवर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि एकटाच हसलो.

१८ फेब्रुवारी

हसू जिरलं. समृद्धी महामार्गावर सावंगीहून चढलो. पाचवा गिअर, पायाखाली पूर्ण दाब, आणि काटा ३००० वरून एकदम ३६०० वर. वेग तोच. मग तो वास, जो एकदा नाकात गेला की आयुष्यभर ओळखू येतो. क्लच घसरतोय.

मिस्त्रींना फोन केला. पलीकडून शांतपणे, "साहेब, बरं झालं. क्लच सुटला म्हणून गिअर वाचला." तेव्हा ते मला सांत्वन वाटलं. पण ती माहिती होती.

३ मार्च

आज गाडीला हात लावला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, किराण्याच्या यादीच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. या प्रकल्पातलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच झालं.

बॉक्सचा पहिला गिअर ३.३०, दुसरा १.९४, तिसरा १.३१, आणि त्यापुढे चाकांआधीचा शेवटचा गुणक, फायनल, ३.९४. इंजिनाचे २८० एनएम पुढच्या चाकांपर्यंत असे पोचतात: पहिल्यात ३,६४०, दुसऱ्यात २,१४०, तिसऱ्यात १,४४५ च्या आसपास. (वाटेतलं घर्षण सोडून.)

आता टायर किती घेऊ शकतो? मी धरून गाडी १,४०० किलो. त्यातले साठ टक्के पुढे, म्हणजे ८४०. जोरात निघताना नाक वर उठतं, पुढचं वजन मागे सरकतं, म्हणून ७८० धरू. कोरड्या डांबरावर पकड ०.९, चाकाची त्रिज्या ०.३१ मीटर. उत्तर साधारण २,१३५ एनएम. याच्यावर गेलं की टायर ओरडत फिरणार.

म्हणजे पहिल्या गिअरमध्ये मूळचे २१० एनएमसुद्धा (२,७३० होतात) टायरला झेपत नाहीत. रिमॅपनंतर पहिल्यात दातांवरचा स्थिर भार फारसा वाढतच नाही, टायर आधीच हात वर करतो. तिसऱ्यात उलट. तिथे टायर निवांत असतो, इंजिन देईल तेवढं सगळं दातांवरून जातं, आणि चढावर सेकंदांमागून सेकंद जात राहतं. लोक म्हणतात, "तिसरा गिअर गेला, पहिला तर ठणठणीत आहे, नवल आहे." नवल काही नाही.

आणि दुसरा? २,१४० आणि २,१३५. टायर धरू की सोडू या काठावर. धरतो, सुटतो, पुन्हा धरतो. प्रत्येक वेळी धरताना फिरतं इंजिन, फ्लायव्हील, क्लच या सगळ्यांचं वजन एका झटक्यात दातांवर येऊन आदळतं. तो झटका २८० चा नसतो, कितीतरी मोठा असतो. बॉक्स फुटतात ते बहुतेक इथे.

मग घोड्यांकडे वळलो. १९५ हॉर्सपॉवर माझ्या आलेखात ५५०० आरपीएमला आहेत. त्या क्षणी टॉर्क किती? गणित केलं तर २४९ एनएम. पुन्हा केलं, तेच. आणि ३००० ला, जिथे २८० एनएम बॉक्सच्या मानगुटीवर बसतात, तिथे हॉर्सपॉवर अवघे १२०.

पेन खाली ठेवलं. ज्या आकड्याच्या फुशारक्या मारतो तो बॉक्सच्या नावातल्या २५० च्या आत आहे. ज्या आकड्याबद्दल कोणी विचारतही नाही तो त्याच्या तीस पुढे आहे. चहा निवला होता.

१० मार्च

रिमॅप करणाऱ्या ट्यूनरशी फोनवर बोललो. ३५०० पर्यंत २५० च्या वर जाऊ नकोस, वरचं जसं आहे तसं ठेव, इतकंच मागितलं. तो म्हणाला, "सर, मग ती किक राहणार नाही." राहू नये म्हणूनच सांगतोय बाबा. पाठीत जो धक्का बसतो ना, तोच धक्का आधी दातांना बसून मग सीटपर्यंत येतो.

नवा मॅप क्लच बदलल्यावर भरायचा.

१७ मार्च

क्लचसाठी बॉक्स उतरवायचाच होता, मग उघडूनही पाहायचं ठरवलं. मिस्त्रींचं मत विरुद्ध: "चालत्या गिअरबॉक्सला हात लावू नये." त्यांचं खरं आहे. मी टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, मला बंद डबा बघवत नाही, हेही खरं आहे.

दात उत्तम. तिसऱ्याच्या कडांवर चमक किंचित वर सरकलेली, इतकंच. ती वर का सरकते तेही लिहून ठेवतो: दातांच्या बाजू उतरत्या असल्याने भार आला की दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून दूर ढकलले जातात. बेअरिंग आणि ॲल्युमिनियमचं कवच त्यांना धरून ठेवतं, पण ॲल्युमिनियम थोडं वाकतंच. मग दाताला दात पोटावर न लागता टोकाकडे लागतो, आणि टोकावर लागलेला भार बुडापाशी दात मोडतो. त्यामुळे दात दणकट घेतला आणि कवच तेच राहिलं तर अर्धंच काम झालं.

माझं लक्ष डिफरन्शियलवर होतं, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागावर. या बॉक्समध्ये क्राउन व्हील, म्हणजे त्याला फिरवणारं मोठं दातेरी चाक, डिफच्या पिंजऱ्याला रिव्हेटने जोडलेलं असतं. मूळ टॉर्कला आणि शहाण्या पायाला ते पुरतं, रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्या साक्षीला आहेत. पण ताकद वाढवून चाकं फिरवणाऱ्यांच्या बाबतीत रिव्हेटचं डोकं उडतं, ते आत भिरभिरतं आणि कवचाला आतून भोक पाडून बाहेर येतं. ऑइल रस्त्यावर, बॉक्स भंगारात. ०२जेवर ताकद वाढवणाऱ्यांमध्ये ही गोष्ट जगभर माहीत आहे.

पिंजरा रबराच्या मॅटवर ठेवला आणि छोट्या हातोडीने एकेका रिव्हेटवर टिचकी मारत गेलो. मडकं घेताना बाई जशी वाजवून घेते तसं. टण्, टण्, टण्, आणि मग एक थप्प. नखाने दाबून पाहिलं, डोक्याभोवती केसाएवढी काळी रेघ, ऑइल आत-बाहेर करत असल्याची खूण. ढिला. तो माझ्यामुळे झाला की आधीच्या मालकामुळे, याचा निवाडा करायला नको. फेब्रुवारीत पेट्रोल पंपाच्या ओल्या फरशीवर भाच्याला दाखवायला मी काय केलं होतं ते मला माहीत आहे.

आणखी एक. एकच चाक फिरत राहतं तेव्हा डिफच्या आतले छोटे गिअर पिनवर भन्नाट वेगाने फिरतात, आणि पिनवरचं ऑइल उडून जातं. माझ्या पिनवर एका बाजूला निळसर छटा. नवी पिन मागवली.

१८ मार्च

रजा टाकली. वाळूजला ओळखीच्या शॉपमध्ये रेडियल ड्रिलवर रिव्हेटची डोकी काढली. डोकं उतरलं की पंचने बाकीचं खाली. भोकं रीमरने साफ, हाय-टेन्साइल बोल्ट, थ्रेडलॉक, टॉर्क रेंचने आडव्या क्रमाने तीन फेऱ्या. क्राउन व्हीलचा फेस रनआउट, म्हणजे फिरताना ते किती डगमगतं, डायल गेजवर पाहिला, काटा जेमतेम हलला. ऑपरेटरने विचारलं, "कुठल्या मशीनचा पार्ट आहे?" घरच्या मशीनचा, म्हटलं.

३१ मार्च

जुळणी. डिफच्या टेपर बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला दाब, शिमने (पातळ चकत्यांनी) लावावा लागतो. यातच दिवस गेला. जास्त घट्ट झालं तर बेअरिंग भाजतं, सैल राहिलं तर क्राउन व्हील भाराखाली पळतं.

क्लचचं धर्मसंकट. मूळ फ्लायव्हील ड्युअल-मास, म्हणजे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा इंजिनाचे हादरे पिऊन टाकतात. माझ्यातला खेळ संपलेला. नवा महाग. शेवटी फोक्सवॅगनच्या जुन्या जी६० इंजिनाचा सिंगल-मास फ्लायव्हील आणि त्यांच्याच व्हीआर६ इंजिनाचा २२८ मिलिमीटरचा क्लच, ही ०२जे वाल्यांची परंपरागत जोडी मागवली. पकड भरपूर. पण आता हादरे गाळणारं मधे कोणी नाही, जे येईल ते थेट बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर. म्हणून क्लच प्लेट तरी मधे स्प्रिंगा असलेलीच घेतली, आणि रेसिंगची तांब्याच्या पाकळ्यांची प्लेट दुकानदाराने दोनदा पुढे केली तरी घेतली नाही. ती प्लेट घसरत नाही, एकदम धरते. घसरायचं काम मग बॉक्सला करावं लागेल, आणि त्याला घसरता येत नाही.

१ एप्रिल

दुसरा गिअर पडेना. बॉक्स पुन्हा उतरवायच्या विचाराने पोटात गोळा. मिस्त्री आले, बॉनेट उघडलं, शिफ्ट केबलची क्लिप दाबून सोडली. पडला. "आज तारीख किती?" असं विचारून निघून गेले.

२ मे

क्लच रुळवायला शहरात ८०० किलोमीटर सबुरीने चालवली. मग ट्यूनरने नवा मॅप भरला. डायनो: २५२ एनएम, १९२ हॉर्सपॉवर. तीन घोडे गेले. ३००० ला मिळणारी ती धडक नाही. त्याऐवजी ताकद चढत जाते आणि वरपर्यंत टिकते. चार दिवस वाईट वाटलं.

न्यूट्रलमध्ये उभी असताना बॉक्समधून खडखड येते, पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखी. क्लच दाबला की बंद. सिंगल-मासची ही किंमत. आई म्हणाली, "नीट करायला नेली होती ना?"

१९ मे

कन्नड घाट, दुपारी दोन वाजता, मुद्दाम. बाहेर ४१ अंश. दुसऱ्या-तिसऱ्यात जोर लावून चढ, पुढच्या गाड्यांच्या मागे रखडपट्टी, पुन्हा जोर. वर थांबून इन्फ्रारेड गनने कवच मोजलं: ९८ अंश. टोकाचं झाकण १०३. ऑइलला हे चालतं, पण रोज नको. गिअरच्या दातातून जाणाऱ्या ताकदीतली दोनेक टक्के उष्णता होते असं धरलं तरी १९० घोड्यांचे जवळपास चार घोडे आत नुसते शेगडी पेटवून बसतात. ऑइल बदलण्याचं अंतर निम्मं केलं.

१६ जून

पहिला दमदार पाऊस, सिडकोचा सिग्नल, दुसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त पाय. गाडीचं नाक खडाखडा उड्या मारायला लागलं. मार्चमध्ये कागदावर मांडलेलं "धरतो-सुटतो" ते हेच, फक्त ओल्या रस्त्यावर कमी टॉर्कलाच. पाय लगेच काढला. घरी येऊन खाली वाकून पाहिलं तर बॉक्सला चेसिसशी बांधणाऱ्या खालच्या माउंटिंगचं रबर उभं चिरलेलं. इंजिन पुढे-मागे डुलतं तितका झटका मोठा होतो, आणि झटका मोठा झाला की ते आणखी डुलतं. घट्ट पॉलियुरेथेनचा बुश टाकला. आता केबिनमध्ये कंप येतो, पण उड्या थांबल्या.

भाचा चिकट, रुंद टायर टाकायला सांगतोय. पकड १.१ झाली तर टायरची मर्यादा २,६०० च्या वर जाते, म्हणजे दुसऱ्या गिअरमधला सगळा टॉर्क बिनबोभाट दातांवर. टायर ओरडतो तेव्हा तो बॉक्सच्या वतीने ओरडत असतो, हे त्याला पटलं नाही. पंचवीस वर्षांचा आहे.

१८ ऑगस्ट (मीटर १,४५,०६०)

ऑइल बदल. रंग मधासारखा. मॅग्नेटवर पातळ करडी साय, सोनेरी चकाकी नावाला. झाकणाच्या भोकातून टॉर्च आणि आरसा घालून दिसतील तेवढे बोल्ट पाहिले. पेंटची खूण जिथल्या तिथे.

मोबाइलला जोडलेल्या रीडरने तीन महिन्यांची नोंद ठेवली होती. ती उघडून बसलो. पूर्ण दाबाने, जास्तीत जास्त टॉर्कवर इंजिन किती वेळ होतं? सगळे क्षण जोडून एकोणीस मिनिटं. तीन महिन्यांत! दाताच्या थकव्याचा नियम फार कडक असतो, ताण एक तृतीयांशाने वाढला की आयुष्य एक तृतीयांशाने नव्हे, कित्येक पटींनी घटतं. पण ते आयुष्य खर्च होतं फक्त त्या एकोणीस मिनिटांत. रोज ट्रॅकवर नेणाऱ्याचा बॉक्स आणि ऑफिसला नेणाऱ्याचा बॉक्स, आकडा एकच असला तरी वेगळे का वागतात ते यात आलं.

६ ऑक्टोबर

सकाळी थंड असताना दुसरा गिअर अजून कुरकुरतो. जीएल-५ च्या काळातली जुनी जखम. एप्रिलपासून वाढलेली नाही. गाडी गरम होईपर्यंत मी दुसऱ्यात घाई करत नाही, आणि खालच्या गिअरवर येताना क्लच सोडण्याआधी हलकी रेस देतो.

२४ नोव्हेंबर (मीटर १,४९,३३०)

पुण्यातल्या एकाकडून सहा गिअरचा ०२एम आला होता विकायला, ३५० च्या वर्गातला. पाहून आलो. देखणा आहे, जड आहे, त्याच्यासोबत स्टार्टर, एक्सल, माउंटिंग सगळंच बदलावं लागतं. किंमत ऐकली, चहा प्यालो, परत आलो.

शेड आवरली. काढलेले रिव्हेट एका बरणीत आहेत, ढिला निघालेला वेगळा. जुना ड्युअल-मास फ्लायव्हील मिस्त्री घेऊन गेले. त्यांच्या गॅरेजबाहेरच्या चहाच्या गाड्यावर आता तो छत्रीच्या बुडाशी वजनाला ठेवलाय. वारा सुटला की हलतो थोडा, स्प्रिंगा अजून काम करतात.